फटफटीवरून धारावी बेट

वसईच्या मोहिमेची पत्रे ज्यांनी चाळली असतील त्यांना 'धारावी' हे नाव वारंवार भेटले असेल. गो. स. सरदेसाईंनी पेशवे दफ्तरातून निवडलेल्या कागदांत या मोहिमेला एक स्वतंत्र खंड मिळाला आहे, आणि त्यात ठाणे, वेसावे, माहीम, तारापूर यांच्या जोडीने धारावीही येते. आजच्या विद्यार्थ्याचा इथे हमखास गोंधळ होतो. त्याच्या डोळ्यांपुढे मुंबईतली धारावी उभी राहते, आणि चिमाजी अप्पाची फौज माहीमच्या खाडीवर काय करीत होती असा प्रश्न त्याला पडतो. (माहीमही दोन आहेत, ही त्यात आणखी भर.) पत्रांतली धारावी म्हणजे साष्टीच्या वायव्य टोकाला, वसईच्या खाडीच्या मुखाशी असलेले बेट. भाईंदर पश्चिमेकडची राई, मुर्धा, मोर्वा ही गावे, पुढे डोंगरी, उत्तन, पाली, चौक, आणि दक्षिणेला गोराई व मनोरी हा सगळा त्याचा पसारा. गावांची नावे टिकली. बेटाचे नाव मात्र अभ्यासकांपुरते उरले.

हे बेट एका दिवसात मोटारसायकलने पालथे घालावे असे आम्ही ठरवले त्यामागे साहसाची हौस नव्हती. पत्रांत 'धारावी' हा शब्द येतो तेव्हा तो एका मोर्च्याच्या जागेचा निर्देश असतो: तोफा कुठे चढवायच्या, गलबते कुठे अडवायची. तिथे कोणी राहत असेल, त्याची काही भाषा असेल, याचा मागमूस त्या शब्दात नसतो. लष्करी पत्रव्यवहाराकडून तशी अपेक्षाही नाही. परंतु मराठी वाङ्मयेतिहासाने आणि पाठ्यपुस्तकांनीही हा मुलुख तेवढाच पाहिला, आणि म्हणून मुंबईच्या वेशीवरचा हा भाग मराठी वाचकाला आजही परका आहे. रायगडावरच्या पायऱ्यांची संख्या सांगू शकणाऱ्या आमच्या कित्येक मित्रांना उत्तन कोठे आहे हे ठाऊक नव्हते.

वाहनाविषयी दोन शब्द. गो. नी. दांडेकरांच्या पिढीने मुलुख पायांनी वाचला, आणि त्याची सर कशाला येणार नाही हे मान्यच. पण या बेटाला पायी एक दिवस पुरत नाही, आणि मोटारीच्या बंद काचेतून त्याचा निम्मा भाग हरवतो, कारण इथली सीमारेषा नाकाने कळते. भाईंदर स्थानक सोडले की बराच वेळ इमारती, मग एकाएकी उजाड सपाटी, खाजणाच्या चिखलाचा आणि मिठागरांचा वास; डोंगरीचा चढ लागला की झाडोरा आणि ओली माती; उतरणीला वारा समोरून येतो आणि त्यात सुकत्या बोंबलांचा दर्प असतो. आठ-दहा किलोमीटरांत तीन प्रदेश. फटफटी (हा जुना शब्द आम्हांला 'बाईक'पेक्षा आवडतो, त्यात यंत्राचा आवाज आहे) हवे तिथे थांबते, आणि अरुंद गल्लीतून निघते. मागे बसलेल्याच्या पिशवीत १८८२ च्या ठाणे गॅझेटियरची छायाप्रत होती.

त्या गॅझेटियरकडेच आधी वळू. त्यात या बेटावरच्या दगडाच्या खाणींचा उल्लेख आहे. वसईचा किल्ला आणि त्यातली चर्चे यांचा घडीव दगड इथून गेला. भूशास्त्राच्या दृष्टीने मनोरी-गोराई-उत्तनचा पट्टा वेगळाच. दख्खनच्या काळ्या कातळाच्या या राज्यात इथे फिकट रंगाचा, आम्लधर्मी ट्रॅकाइट आढळतो, आणि तो खांबांसारखा सुटा निघतो. पाथरवटाला असा दगड म्हणजे वरदान. १५३४ च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या भोवतीचा मुलुख पोर्तुगीजांना तोडून दिला, आणि पुढची दोनशे वर्षे समोरच्या तीरावर शहर उभे राहत गेले. आपण वसईच्या पडक्या कमानींखाली छायाचित्रे काढतो तेव्हा ज्या दगडाला टेकून उभे असतो, त्याचे गाव खाडीपलीकडचे असते. तो ज्यांनी फोडला, होड्यांवर चढवला, त्यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत.

त्यांच्या अवस्थेची एक साक्ष मात्र आहे, आणि ती परक्याची आहे. जेमेली करेरी हा इटालियन प्रवासी १६९५ मध्ये वसईत आला आणि साष्टीतून कान्हेरीपर्यंत गेला. एकेक गाव एकेका पोर्तुगीज कुटुंबाला दिलेले, आणि तिथली कुळे त्या मालकाच्या मुठीत; त्यांची स्थिती मांडलिकांहून वाईट, अशा अर्थाची नोंद तो करतो. करेरी काही करुणामय लेखक नव्हे. तो चांगले जेवण आणि उत्तम घरे यांवर जास्त लिहितो. म्हणून ती नोंद आम्हांला विश्वसनीय वाटते. मुंबईतल्या फोरास रोडच्या नावात या व्यवस्थेचा एक तुकडा अजून अडकून आहे: 'फोरो' म्हणजे जमिनीपोटी मालकाने राजाला द्यायचा सारा.

डोंगरीला आम्ही थांबलो. तिथले बेथलेहेमच्या मातेचे चर्च सतराव्या शतकाच्या आरंभीचे मानले जाते. दुपारच्या आधीची वेळ, आवारात कोणी नव्हते. थडग्यांवरचे मराठी लेख वाचताना आम्हांला जे जाणवले ते सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

मराठी ख्रिस्ती वाङ्मय म्हटले की पदवीच्या वर्गात दोन थांबे असतात. पहिला थॉमस स्टीफन्स आणि त्याचे १६१६ चे क्रिस्तपुराण. दुसरा, तीनशे वर्षांची उडी मारून, नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे'. मधला काळ कोरा. आता स्टीफन्स लिहीत होता ती साष्टी गोव्याची. सासष्ट गावांची म्हणून तीही साष्टी आणि आपली ठाण्याजवळचीही साष्टी; नावाच्या या जुळेपणाने पुष्कळांची फसगत केली आहे. उत्तर कोकणातल्या ख्रिस्ती समाजाचे स्वतःचे पुराण निराळे आहे. फ्रान्सिस्को वाझ दी गिमरायश या पाद्र्याने येशूच्या यातना आणि मरण यांवर इथल्या बोलीला जवळच्या मराठीत ओवीबद्ध रचना केली. ती रोमी लिपीत १६५९ मध्ये लिस्बनला छापली गेली आणि एकोणिसाव्या शतकात मुंबईत पुन्हा छापावी लागली. पुन्हा छापावी लागली, म्हणजे तिला वाचणारे, गाणारे होते. दोनशे वर्षे एखादा ग्रंथ ज्या समाजाच्या तोंडी राहतो, त्या समाजाला आपला वाङ्मयेतिहास ओळखत नाही, हे कशाचे लक्षण मानावे? काव्यगुणांत स्टीफन्स कितीतरी श्रेष्ठ, याबद्दल आमचे दुमत नाही. त्याची भाषा ज्ञानेश्वर-एकनाथांच्या वाटेने आलेली आहे, म्हणून ती आपल्याला लगेच आपली वाटते. गिमरायशची भाषा कोळीवाड्याकडून आलेली आहे. अडचण तिथेच आहे असे आम्हांला वाटते. आपण भाषेचे मोठेपण ग्रंथांच्या वंशावळीवरून ठरवतो. बोलीतून वर आलेला ग्रंथ धर्माने परका असेल तर त्याला दुहेरी दंड पडतो.

डोंगरीवरून उतरले की उत्तन. रस्ता नाक्यावर अरुंद होतो आणि गाव समुद्राकडे उतरत जाते. क्रूस आणि तुळशीवृंदावने एकमेकांपासून फार दूर नाहीत. बांबूंच्या मांडवांवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून वाळत घातलेले, खाली जाळ्यांवर जवळा पसरलेला. एका मांडवाखाली सावलीत बसलेल्या मावशींना आम्ही किल्ल्याची वाट विचारली. "किल्ला?" त्यांनी हात चौकच्या दिशेने केला. "तिथं काय नाय आता. कुठून आलात?" आम्ही पुण्याहून असे सांगितल्यावर त्या हसल्या. "एवढ्या लांबून दगड बघायला! बोंबील तरी घेऊन जा." आम्ही घेतले. त्यांची भाषा आम्हांला पूर्ण कळली आणि आमची त्यांना. शब्दांपेक्षा हेल वेगळा. 'परका मुलुख' म्हणून काढलेल्या दिवसात हा अनुभव पुनःपुन्हा येत राहिला.

या समाजाला आज ईस्ट इंडियन म्हणतात. या नावाने काही वाचक बुचकळ्यात पडतात, कारण पूर्वेशी याचा काही संबंध दिसत नाही. गोव्याहून मुंबईत नोकरीसाठी आलेल्या ख्रिश्चनांपासून आपण, म्हणजे इथले मूळ रहिवासी, वेगळे आहोत हे कंपनी सरकारच्या वारसांना कळावे म्हणून व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, १८८७ मध्ये, हे नाव जाणीवपूर्वक घेण्यात आले. नाव इंग्रजी, आडनावे पोर्तुगीज, घरची भाषा मराठी. एका समाजावरून गेलेल्या राजवटींचा इतका नेमका हिशेब क्वचित सापडतो.

चौकची टेकडी चढताना इंजिनाला आणि आम्हांला थोडे कष्ट पडले. वर बुरुजाचा अवशेष आहे आणि तटाच्या खुणा. मावशींचे म्हणणे फारसे खोटे नव्हते. पण तिथे उभे राहिल्यावर पत्रे एकदम उलगडतात. समोर उत्तरेला वसईचा किल्ला, मध्ये खाडीचे मुख. समुद्रावरून वसईला दाणा, दारूगोळा, माणसे यायची ती या पाण्यातून. इथे तोफा असणाऱ्याला किल्ल्याच्या तटाला हात न लावता किल्ल्याचा श्वास कोंडता येतो. १७३७ च्या मार्चअखेर मराठ्यांनी ठाणे घेतले आणि साष्टी त्यांच्या हाती आली. त्यातच हे बेटही घेतले. मधल्या काळात पोर्तुगीजांनी ते परत मिळवले. त्यांचा उत्तरेचा सेनापती पेद्रु द मेलु डिसेंबर १७३८ मध्ये ठाणे जिंकण्याच्या प्रयत्नात पडला. मग १७३९ च्या आरंभी चिमाजी अप्पाने उत्तरेकडून एकेक गाठ सोडवीत आणली: जानेवारीत माहीम, तारापूर, त्यानंतर वेसावे, मार्चमध्ये धारावी. वसईचा तह मे महिन्यात झाला. सुरुंगांनी फोडलेल्या बुरुजांचे आणि खिंडारात पडलेल्या माणसांचे वर्णन आपण शाळेत वाचलेले असते आणि ते खरेही आहे. हजारो माणसे त्यात गेली. परंतु धारावी मराठ्यांकडे आल्यावर समुद्रावरची मदत अवघड झाली, आणि मुंबईच्या इंग्रजांनी तर चर्चच्या चांदीवर आणि तोफांवर पंधरा हजार रुपये कर्जाऊ देऊन आपले शेजारधर्माचे कर्तव्य संपवले. शौर्याची कथा किल्ल्यात घडते. तिची शक्यता पुष्कळदा अशा एखाद्या अनाम टेकडीवर तयार होते.

मग बेटावरच्या माणसांचे काय झाले? तहाने वसईच्या मुलखात उरणाऱ्या ख्रिश्चनांना आपला धर्म पाळण्याची मुभा मिळाली आणि तीन चर्चे राखण्याचे मान्य झाले. युरोपीय पाद्री बहुतांशी निघून गेले. गोव्याच्या आणि स्थानिक धर्मगुरूंनी लोक सांभाळले. जमीनमालक गेले, कुळे राहिली. महिकावतीच्या बखरीला लिहिलेल्या प्रस्तावनेत राजवाड्यांनी १९२४ मध्ये एक प्रश्न उपस्थित केला होता: उत्तर कोकणातली रयत राज्यकर्त्यांच्या येण्याजाण्याविषयी इतकी उदासीन का? राजवाड्यांची उत्तरे त्यांच्या स्वभावानुसार ठाम आणि अनेकदा अस्वीकारार्ह आहेत. पण चौकच्या टेकडीवर तो प्रश्न पुस्तकी वाटत नाही. ज्यांनी पोर्तुगीजांसाठी दगड फोडला, त्यांनाच पुढे मराठ्यांच्या मोर्च्यांसाठी ओझी वाहावी लागली नसतील कशावरून? १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणे घेतले, सालबाईच्या तहाने १७८२ मध्ये साष्टी त्यांच्याकडेच राहिली, आणि याच माणसांनी तिसऱ्या धन्याला सारा भरला. धन्याचे नाव बदलले तरी सारा भरणारा हात तोच राहिला. उदासीनता म्हणजे अज्ञान नव्हे. तो अनुभवातून आलेला निष्कर्षही असू शकतो.

या मोहिमेची एक खूण मराठीत वाक्प्रचार होऊन राहिली आहे. खणखणीत आवाजाच्या माणसाला आपण 'नारोशंकराची घंटा' म्हणतो. नाशिकला गोदातीरी १७४७ मध्ये नारोशंकराने बांधलेल्या देवळावर ती घंटा आहे आणि तिच्यावर १७२१ हे इसवी सन आहे. मेणवलीच्या घंटेवर १७०७, भीमाशंकरच्या घंटेवर १७२९. चर्चांच्या घंटा घाटावर गेल्या, देवळांत टांगल्या गेल्या, आणि त्यांच्या स्वरावरून आपण माणसांच्या गळ्याचे कौतुक करू लागलो. विजयचिन्हांचा असा सुरेल शेवट सहसा होत नाही. पण या घंटा उतरवल्या गेल्या तेव्हा खाली उभी असणारी माणसेही मराठीच बोलत होती, ही गोष्ट त्या वाक्प्रचारात मावत नाही. पाठ्यपुस्तकात तिला एक ओळ मिळाली तर वसईच्या विजयाचे तेज कमी होईल असे आम्हांला मुळीच वाटत नाही.

खाडीपलीकडे हे काम काही प्रमाणात झाले आहे. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी 'सुवार्ता'सारखे मासिक चालवले, बायबलचे सुबोध मराठी भाषांतर केले, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये ते गेले. त्यांच्या निवडीच्या वेळी उठलेला गदारोळ वाचकांना आठवत असेल. चारशे वर्षे मराठीत प्रार्थना करणाऱ्यांना मराठीपणाचा दाखला द्यावा लागला. उत्तनची बाजू धर्मप्रांताच्या दृष्टीने मुंबईत मोडते आणि वसईला १९९८ पासून स्वतंत्र धर्मप्रांत आहे. जिल्ह्याच्या दृष्टीने २०१४ पासून वसई पालघरमध्ये आणि उत्तन ठाण्यात. दोन तीर डोळ्यांना दिसतात आणि कागदांवर दूर जातात. रस्त्याने तर भाईंदर, काशीमिरा, घोडबंदरचा पूल असा मोठा वळसा. भाईंदर-वसई रो-रो नौका फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा फटफटीसह पाण्यावरून पलीकडे जाता येऊ लागले.

दुपारनंतर आम्ही दक्षिणेला वळलो. गोराईच्या वाटेवर एके ठिकाणी मीरा-भाईंदरची हद्द संपून मुंबई महापालिकेची सुरू होते. आम्हांला पाटी वाचून कळले. बेटाचा एक भाग एका शहराच्या शेवटच्या पानावर, दुसरा दुसऱ्याच्या. शेवटच्या पानावर जे लिहिले जाते तेच इथे आले: उत्तनच्या धावगी टेकडीवर शहराचा कचरा, मनोरी-गोराई-उत्तन असा पर्यटन विकासाचा आराखडा, डोंगरीच्या टेकडीवर मेट्रोची कारशेड व त्यासाठी सुमारे बारा हजार झाडे तोडण्याचा प्रस्ताव (२०२५ मध्ये गावकऱ्यांनी त्याला जोरदार विरोध केला), आणि उत्तन-विरार सागरी सेतू. या सेतूचा आराखडा पाहताना १७३९ ची आठवण अपरिहार्य होते. खाडीचे तेच मुख, तेच पाणी, पुन्हा एका मोठ्या योजनेतली मोक्याची जागा.

मात्र मच्छीमार या पाण्याकडे जागा म्हणूनच पाहतात, आणि त्यांची मोजणी आपल्या नकाशांवर नाही. इथली मासेमारी मुख्यतः डोलीची. समुद्रात खुंटे ठोकून त्यांना पिशवीसारखे जाळे बांधतात. भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी आत येते. जाळे बांधण्याच्या या ठरलेल्या जागेला कव म्हणतात. कवी वाडवडिलांपासून चालत आलेल्या, खुणा किनाऱ्यावरच्या डोंगरांच्या आणि झाडांच्या. उत्तन-वसईचे मच्छीमार आणि सातपाटी-डहाणूकडचे मच्छीमार यांच्यात या कवींच्या हद्दींवरून वर्षानुवर्षे वाद चालू आहे. सभा होतात, समित्या नेमल्या जातात, कधी हातघाईवर येते. जमिनीवर तीन राजवटींनी आपापल्या मोजण्या केल्या. पाण्यावरची ही मोजणी सगळ्यांहून जुनी असावी, आणि ती कोणत्याही दफ्तरात नसून तांडेलांच्या डोक्यात आहे. सागरी सेतूला होणाऱ्या विरोधात हाच प्रश्न आहे: खांब जिथे रोवले जातील तिथे कोणाच्या कवी आहेत, हे कोणत्या कागदावर दाखवायचे?

मनोरीला पोचेस्तोवर ऊन उतरले होते. मार्वेला जाणाऱ्या बोटीवर माणसांबरोबर दुचाकीही घेतात. दोघा खलाशांनी आमचे वाहन फळीवरून वर ओढले आणि एका बाजूला कलते ठेवून हँडल दोरीने बांधले. शेजारी मासळीच्या रिकाम्या टोपल्या आणि कॉलेजातून परतणारी दोन मुले. त्यातला एक जण आमच्या मांडीवरच्या गॅझेटियरच्या पानांकडे बराच वेळ पाहत होता. शेवटी त्याने विचारले, "यात मनोरी आहे का, काका?" आम्ही पान काढून दिले. पलीकडचा धक्का येईपर्यंत तो इंग्रजीतला मजकूर मित्राला मराठीत सांगत होता.